विटकरी बूट आणि गुडघ्याएवढा आरसा

मित्रांनो, जरा खाली बघा. अजून खाली. कपाटाकडे नाही, खुर्च्यांच्या पायाशी. हं, आता सापडलो. चपला-बुटांच्या दुकानात जमिनीला टेकून उभा असलेला हा जुना आरसा म्हणजे मी. माझी उंची मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढी, म्हणून मला माणसं दिसतात तीही गुडघ्यापर्यंतच. त्याच्या वरचं माणूस मी फक्त ऐकतो. कोणी बुटाची चेन लावायला खाली वाकलं, तर एखादा लालबुंद झालेला चेहरा क्षणभर माझ्यासमोर येतो आणि लगेच वर निघून जातो. चेहऱ्यांशी माझी ओळख एवढीच.

खरं सांगू? थकलोय मी. तुम्ही म्हणाल, आरशाला कसले कष्ट? एका जागी उभं तर राहायचं. पण एकच प्रश्न तीस वर्षं ऐकून बघा. "मला हे शोभतात का?" सकाळी तेच, दुपारी तेच, दुकानाचं शटर खाली येतानाही कोणीतरी एका पायावर उभं राहून तेच विचारत असतं. आणि उत्तर मी द्यायचं! अर्ध्या माणसाकडे बघून अख्ख्या माणसाचा निकाल लावायचा, म्हणजे काय थट्टा आहे?

माझा जन्म असल्या कामासाठी झालाच नव्हता. मी कपाटाच्या दारावरचा उंच आरसा होणार होतो, डोक्यापासून पायापर्यंत सगळं दाखवणारा. कारखान्यात माझ्या पाठीवर चकाकी चढवली, त्यावर रंगाचा जाड थर दिला, कागदात गुंडाळून मला टेम्पोत उभं केलं. उतरवताना हमालाचा हात निसटला आणि माझा वरचा भाग तडकला. काचवाल्याने काच कापायच्या हिरकणीने रेघ मारून खालचा धड राहिलेला तुकडा अलगद कापून घेतला. वरच्या भागाचं काय झालं ते मला ठाऊक नाही. विचारावंसंही वाटलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्या मालकांनी हे दुकान थाटलं होतं. त्यांना असा बुटका तुकडाच हवा होता. सुताराने मला लाकडी चौकट केली, दोन्ही बाजूंना पाय लावले आणि जरासं मागे रेलवून उभं केलं. तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू! मालकांची बायको, सगळ्यांची काकू, रोज सकाळी दुकानात आली की आधी मला कोरड्या फडक्याने पुसायची. "आरसा स्वच्छ असला की जुना मालही नवा दिसतो," असं ती म्हणायची आणि स्वतःच हसायची. रांगणारी बाळं आईबापांबरोबर यायची. तेवढीच मला डोक्यापासून पायापर्यंत दिसायची. ती माझ्याकडे बोट दाखवत, काचेला नाक लावत, मला ओलं करून ठेवत. त्या दिवसांत मला कधीही शीण जाणवला नाही.

मित्रांनो, आमच्या दुकानाचे दोन रिवाज तुम्हाला सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरूनच घडलं.

पहिला रिवाज गालिच्याचा. खुर्च्यांपासून माझ्यापर्यंत गालिच्याची एक लांब पट्टी अंथरलेली आहे. नवे बूट घालून चालायचं ते त्या पट्टीवरच. बाकीची फरशी उघडी आहे, पण तिच्यावर पाऊल टाकायला बंदी. का? तर तळाला ओरखडा उठला की तो बूट नवा राहत नाही आणि मग दुसरं गिऱ्हाईक तो हातातही घेत नाही. मालक एरवी अगदी गरीब गाय, पण कोणाचा पाय गालिच्याबाहेर गेला की असे ओरडायचे, जणू कोणी विहिरीत पाय टाकलाय. नेलेले बूट परत घ्यायचे की नाही, तेही ते तळ बघूनच ठरवत. तळ कोरा, तर बूट परत. घासलेला, तर मात्र नाही.

दुसरा रिवाज लाकडाच्या पाचरीचा, आणि तो सांगताना मला आजही ओशाळल्यासारखं होतं. माझ्या पुढच्या कडेखाली मालक एक पातळ पाचर ठेवत. गिऱ्हाईक घुटमळायला लागलं की बोलता बोलता पायाच्या अंगठ्याने ती पाचर आत सरकवत. मी आणखी मागे रेलायचो. मग समोरच्याचे पाय लांब दिसायचे, घोटे बारीक दिसायचे, आणि कोणताही बूट त्याच्यासाठीच शिवल्यासारखा वाटायचा. गिऱ्हाईक खूश, मालक खूश. खोटं बोलायचं काम तेवढं माझ्या गळ्यात.

अशी किती माणसं बघितली! दर दोन वर्षांनी तेच काळे बूट घेणारे एक वकीलसाहेब होते. घेणार तेच, हे त्यांना माहीत, मालकांना माहीत, मला माहीत. तरी पाऊण तास माझ्यासमोर डावा पाय पुढे, मग उजवा पाय पुढे. दोन मैत्रिणी यायच्या. एक बूट घालायची आणि दुसरीकडे बघायची, माझ्याकडे नाहीच. आपल्याला काय आवडतं ते माणसाला खरंच कळत नाही, की कळूनही कोणाला तरी विचारावंसं वाटतं? मला याचं उत्तर सापडलेलं नाही. आता शोधायची हौसही उरली नाही.

मग काकू आजारी पडली आणि गेली. त्यानंतर मला कोणी रोज पुसलं नाही. माझ्या डाव्या कोपऱ्यातली चकाकी सुटली, तिथे काळे डाग पडले. गिऱ्हाइकं आपले पाय माझ्यात बघायच्या ऐवजी फोनवर फोटो काढून बघू लागली. मालकांची मुलगी एक दिवस म्हणाली, "बाबा, हा काय आरसा आहे का? एक मोठा, उभा आरसा आणू या. लोकांना पूर्ण दिसायला नको का?" मालक म्हणाले, "बघू." मालकांचं 'बघू' म्हणजे होच. माझे दिवस भरत आले, हे मला तेव्हाच कळलं.

त्याच दिवसांत सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे जवळच्या दवाखान्यातल्या परिचारिका. त्यांच्या पायांना मी वर्षानुवर्षं ओळखत होतो. पांढरे कॅनव्हासचे बूट, मऊ रबरी तळाचे. झिजले की तसेच दुसरे. पण या वेळी त्या विटकरी रंगाच्या एका जोडीसमोर थांबल्या. घोट्याच्या वर चार बोटं येणारे चामड्याचे बूट, बाजूला चेन, दोन बोटं उंच कडक टाच. त्यांच्याबरोबर त्यांची थोरली नणंद होती.

"कुठे घालणार आहेस हे?" नणंदेने विचारलं.

"शनिवारी माझा निरोप समारंभ आहे ना, वन्सं. दवाखान्याच्या सभागृहात. दारापासून मंचापर्यंत सगळ्यांसमोर चालत जायचंय." सिस्टर वाकून चेन लावत होत्या. त्यांचा चेहरा मला तेव्हा दिसला. गोल, दमलेला, पण डोळे एखाद्या मुलीसारखे उत्सुक. "चौतीस वर्षं सगळ्यांनी मला गणवेशात पाहिलंय. एक दिवस तरी माझ्या मनासारखं जावंसं वाटतंय."

त्या उभ्या राहिल्या आणि माझ्यासमोर आल्या. मी दाखवलं ते असं: भरलेल्या पोटऱ्या, त्यांवर फुगलेल्या निळ्या शिरा, आणि त्याखाली ते ऐटबाज बूट.

"वहिनी, तुला मनापासून सांगते," नणंद म्हणाली, "बूट छान आहेत. पण आपल्यासारख्यांना नाही गं शोभत. लोक म्हणतील, हिला काय झालं एकदम?"

सिस्टरनी बूट काढले. पण काढताना त्यांचा हात चामड्यावरून एकदा फिरला. अगदी हळू. मला तो हात विसरता येत नाही.

दोन दिवसांनी त्या एकट्या आल्या. तेच बूट, तीच गालिच्याची पट्टी, आणि मी. पुढे आल्या, मागे गेल्या, बाजूने बघितलं. "काय कळत नाही हो, दादा," त्या मालकांना म्हणाल्या. "आवडलेत. पण काहीतरी राहतंय. काय ते सांगता येत नाही."

"राहतंय कसलं, सिस्टर! जरा पुढे उभ्या राहा बघू." आणि मालकांचा अंगठा पाचरीकडे गेला.

मी रेललो. करणार काय? सिस्टरचे पाय लांबसडक झाले, शिरा दिसेनाशा झाल्या. त्या बघतच राहिल्या. "अगंबाई!" एवढंच म्हणाल्या, आणि बूट घेऊन गेल्या. मालक समाधानाने खोकले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्याच दिवशी खोका परत आला.

"घरच्या कपाटाच्या आरशात बघितलं," सिस्टर म्हणाल्या. आवाज बारीक होता. "ते पाय माझे नव्हतेच, दादा. इथे कोणीतरी वेगळीच दिसत होती. घरी बघितलं आणि स्वतःचंच हसू आलं." मग घाईघाईने म्हणाल्या, "तळ बघून घ्या. पलंगावर चादर टाकून तिच्यावरच उभी राहिले होते. जमिनीला लावलेसुद्धा नाहीत."

मालकांनी तळ बघितला. कोरा होता. त्यांनी बूट परत घेतले. सिस्टर गेल्यावर बराच वेळ ते खुर्चीत बसून होते. त्यांचे पाय अगदी माझ्यासमोर होते, ते जरासुद्धा हलले नाहीत.

शुक्रवार उजाडला. समारंभ दुसऱ्या दिवशी. दुपारी सिस्टर आणि त्यांच्या नणंदबाई साधे, काळे, सपाट बूट घ्यायला आल्या. "हे कसे, कोणाच्या डोळ्यांवर येणार नाहीत," नणंद म्हणाली. सिस्टर "हो" म्हणाल्या. त्यांच्या त्या 'हो'मध्ये जीवच नव्हता. मालक काळे बूट बांधायला घेणार, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "दादा, ते विटकरी एकदा देता? शेवटचे घालून बघते. घेणार नाही."

मालकांनी बूट दिले. मग ते माझ्याजवळ आले, खाली वाकले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पाचर काढून खिशात टाकली. वाकताना त्यांचा चेहरा मला दिसला. इतक्या वर्षांत मालकांना शरमलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी सरळ झालो. सिस्टर समोर आल्या. जे होतं ते मी दाखवलं, कमी नाही, जास्त नाही. त्या बघत राहिल्या. बूट वाईट दिसत नव्हते, छानही दिसत नव्हते. एका बाईच्या पायातले बूट दिसत होते, इतकंच. माझ्याजवळ याहून जास्त काही नव्हतं, मित्रांनो. मी खरं बोललो तरी त्यांचं काही भलं होईना.

"बघितलंस ना? चल, काढ आता," नणंद म्हणाली.

तेवढ्यात दाराजवळ धडपड झाली. एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत न बसताच, उभ्या उभ्या बूट चढवत होते. एक पाय अर्धा आत, दुसरा डगमगतोय. ते तिरके झाले.

सिस्टर धावल्या. चौतीस वर्षांची सवय ती, बूट कोणाचे आणि पायाखाली काय, हे बघायला थांबते का? गालिचा मागे राहिला. उघड्या फरशीवर त्यांच्या टाचा वाजल्या. टक, टक, टक, टक, टक! दुकानभर घुमला तो आवाज.

"सिस्टर, गालिचा!" मालक सवयीने ओरडले.

सिस्टरनी आजोबांना धरलं असावं, कारण दोघांचे पाय एकमेकांना खेटून स्थिरावले. "बसा, आजोबा. घाई कसली? श्वास घ्या. चक्कर येतेय का?"

"नाही, नाही. पाय अडकला मेला." आजोबा खुर्चीत टेकले. धापा टाकत म्हणाले, "पडणारच होतो. पण मागून टकटक ऐकू आलं. म्हटलं, चला, कोणीतरी येतंय."

यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. ते आपला बूट शोधायला लागले. पण सिस्टर तिथेच उभ्या राहिल्या.

मग त्यांनी एक पाऊल टाकलं. टक. थांबल्या. दुसरं टाकलं. टक. खाली फरशीकडे बघत असाव्यात, कारण बुटांची टोकं जरा आत वळली होती, लहान मुलांची वळतात तशी.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "ऐकलंत?"

"किती वाजतात हे! डोकं उठेल."

"आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, चालताना आवाज झाला तर पेशंट जागा होतो. तेव्हापासून रबरी तळ. आले तर कोणाला कळायचं नाही, गेले तर कळायचं नाही. मग घरीही तसंच चालायची सवय लागली. तुम्हीच किती वेळा दचकून म्हणालात, अगं, तू कधी आलीस?" त्यांनी टाच पुन्हा फरशीवर टेकवली. टक. "मी चाललेली मलाच कधी ऐकू आले नव्हते हो."

मला नणंदबाईंचे पाय दिसत होते. दाराकडे वळलेले ते पाय हळूहळू परत आत वळले.

सिस्टर चालू लागल्या. उघड्या फरशीवरून, कपाटापासून दारापर्यंत, दारापासून गल्ल्यापर्यंत. पहिल्यांदा बिचकत, मग सरळ. माझ्यासमोरून दोनदा गेल्या. दोन्ही वेळा मी सज्ज होतो. पण त्या थांबल्या नाहीत, माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. शोभतात का, हे त्या दिवशी मला कोणी विचारलंच नाही.

मित्रांनो, मला राग यायला हवा होता का? नाही आला. खूप वर्षांनी कोणीतरी माझ्या खांद्यावरचं ओझं उतरवून ठेवलंय, असं वाटलं.

मालकांनी बुटांचे तळ उलटे करून बघितले. दोन्हींवर ओरखडे होते. "आता हे परत घेणार नाही हं, सिस्टर."

"तुम्ही मागितलेत तरी देणार नाही," सिस्टर म्हणाल्या. काळे बूट पुन्हा कपाटात गेले.

शनिवारी दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मालक गल्ल्यावर पेंगत होते. रस्त्यावरून आवाज आला, टक, टक, टक. मला दिसलं काहीच नाही, बाहेरचा रस्ता माझ्या टप्प्यात येत नाही. मालक मात्र ताडकन उठून दारात गेले. पाठोपाठ नणंदबाईंचा आवाज आला, "वहिनी, जरा हळू चाल ना. सगळा रस्ता बघतोय."

"मग बघू दे. तुम्ही या पटपट, उशीर होतोय."

आवाज पुढे गेला, लहान झाला आणि वळणावर नाहीसा झाला. मालक तरीही दारातच उभे होते.

त्यानंतर मालकांनी गालिच्याची पट्टी निम्मी गुंडाळली. आता ते प्रत्येकाला सांगतात, "चार पावलं फरशीवर टाका. ओरखडा उठला तर माझं मी बघेन." पुढच्याच महिन्यात मुलीने सांगितलेला उंच आरसाही आला. तो दाराजवळ रुबाबात उभा आहे, लोक त्याच्याकडे जातात. मी कोपऱ्यात आहे. माझ्यासमोर रिकामे खोके रचलेत, त्यातल्या फटीतून थोडी फरशी दिसते. विश्रांती मिळाली म्हणायची. फक्त अंगावर धूळ फार बसते. तुमच्यापैकी कोणी आलंच, तर कोरड्या फडक्याने एकदा पुसा. ओलं फडकं नको, माझ्या कडा आणखी सुटतील.

आणि एक मागणं आहे. तुमच्याही घरात असं एक माणूस असेल, जे कधी आलं आणि कधी उठून कामाला लागलं ते कोणाला कळत नाही. ते एखाद्या दिवशी काहीतरी नवीन घालून आरशासमोर उभं राहील आणि तुम्हाला विचारेल, "मला हे शोभतं का रे?" तेव्हा लगेच उत्तर देऊ नका. मी तीस वर्षं लगेच उत्तर देत आलो, त्यानेच थकलो. हातातलं काम बाजूला ठेवा, त्या माणसाला म्हणा, "जरा चालून दाखव." आणि ते चालत असताना गप्प बसून ऐका.